छायाचित्रांचा संक्षेप : काय सांडावे, काय राखावे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा पाठ)



खेड्यातील प्राथमिक शाळेच्या दप्तरात अलीकडे एका नव्या कामाची भर पडली आहे. ते काम म्हणजे छायाचित्रे संकेतस्थळावर चढवणे. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज असो, टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज असो, की शाळेच्या आवारातील वृक्षारोपणाचा अहवाल असो, प्रत्येक ठिकाणी छायाचित्राची मागणी असते. तिच्याशेजारी बारीक अक्षरांत फाइल अमुक केबीहून मोठी नसावी, अशी अटही लिहिलेली असते. मोबाइलने काढलेले छायाचित्र त्या मर्यादेच्या कितीतरी पट मोठे भरते. मग सहकाऱ्याला विचारून एखादे मोफत अॅप उतरवून घ्यायचे, त्यात छायाचित्र टाकायचे आणि ‘साइज कमी’ झाली की सुटकेचा निःश्वास सोडायचा, अशी सर्वत्र वहिवाट पडली आहे. काम भागते, ह्यात शंका नाही. परंतु ती साइज कमी होताना चित्रातून नेमके काय वगळले गेले, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मुलाच्या चेहऱ्याच्या बाबतीत ती चौकशी केली नाही तरी फारसे बिघडत नाही. शाळेच्या जुन्या रजिस्टराच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि कधी कधी एखाद्या कुटुंबाचे फार मोठे नुकसान होते.

छायाचित्रे हलकी करण्याची गरज खरीखुरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार. त्यातील अकोले तालुक्याच्या डोंगरकपारीतील शाळा आणि नगर शहरालगतची शाळा ह्यांना मिळणारी रेंज सारखी असणे शक्य नाही. पाच मेगाबाइटचे छायाचित्र शहरात क्षणात जाते, तेच एखाद्या वाडीवर पाऊण वाटेवर अडकून बसते. शिवाय शाळेचे संकेतपृष्ठ पालक पाहतात ते मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या डेटावर. तेव्हा जड चित्र ठेवणे म्हणजे पाहणाऱ्यावर अकारण खर्च लादणेच होय.

चित्रातील काही भाग गाळूनही चित्र पूर्ण वाटावे, ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. १८४२ साली नगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू झाला त्या काळी छापील चित्र म्हणजे बहुधा लाकडात कोरलेल्या ठशावरून किंवा शिळेवरून काढलेला छाप असे. पुढे हाफटोन ब्लॉक आले आणि छायाचित्रे छापता येऊ लागली. त्या ब्लॉकची करामत अशी, की यंत्राजवळ शाई एकच, काळी. करड्या रंगाच्या छटा मुळीच नाहीत. दाट छटेच्या जागी मोठे ठिपके, फिकट छटेच्या जागी बारीक ठिपके, एवढ्यावर सगळा संसार. जुन्या वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगाखाली धरले, तर चेहरा नाहीसा होऊन नुसते ठिपके दिसू लागतात. भिंग दूर केले की चेहरा पुन्हा उभा राहतो. हा प्रयोग चौथीच्या वर्गात अवश्य करून दाखवावा. डोळा आपल्या सवयीने चित्र पुरे करून घेतो, हे मुलांना एका क्षणात उमगते. आणि संगणकाची सारी युक्ती डोळ्याच्या ह्याच सवयीवर उभी आहे.

मोबाइलमधील छायाचित्र हे वास्तविक आकड्यांचे एक प्रचंड कोष्टक असते. समजा, छायाचित्र चार हजार चित्रकण रुंद आणि तीन हजार चित्रकण उंच आहे. म्हणजे एकंदर एक कोटी वीस लाख चित्रकण झाले. प्रत्येक चित्रकणाचा रंग सांगण्यास लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. म्हणजे तीन कोटी साठ लाख बाइट, अर्थात छत्तीस मेगाबाइट. पण मोबाइलमध्ये ती फाइल बहुधा तीन ते पाच मेगाबाइटची दिसते. ह्याचा अर्थ असा, की शिक्षकाने काही करण्यापूर्वीच कॅमेऱ्याने तिचा संक्षेप केलेला असतो. ग्रंथातील शब्द संपीडन. वर्गात बोलताना संक्षेप हा शब्द अधिक सोपा जाईल.

संक्षेपाचे प्रकार दोन. पहिल्यात काहीही हरवत नाही. चौकटीच्या वहीत एका ओळीतील पहिली पाच घरे पांढरी, पुढील दोन काळी आणि शेवटचे एक पांढरे असेल, तर आठ घरांचे आठ रंग न सांगता ‘पांढरा पाच, काळा दोन, पांढरा एक’ एवढे सांगितले तरी ऐकणाऱ्याला तीच ओळ जशीच्या तशी काढता येते. एका मुलाने असे सांगावे आणि दुसऱ्याने पाठमोरे बसून काढावे, हा खेळ गणिताच्या तासाला चांगला रंगतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेला पीएनजी हा चित्रप्रकार ह्याच जातीचा आहे. त्याची रीत अर्थात याहून पुष्कळ चतुर आहे. पण उघडलेले चित्र मूळ चित्राशी कणाकणाने जुळते, ही हमी तो देतो. रेखाचित्रे, नकाशे, तक्ते, मोबाइलच्या पडद्याची चित्रे ह्यांना तो उत्तम. निसर्गाचे छायाचित्र मात्र त्यात ठेवले तर फाइल भलतीच फुगते, कारण निसर्गात लागोपाठ पाच घरे तंतोतंत एका रंगाची क्वचितच सापडतात.

दुसऱ्या प्रकारात जाणूनबुजून काही गाळले जाते. त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे जेपीजी, अर्थात फाइलीच्या नावाच्या शेवटी जेपीजी किंवा जेपीईजी असे दिसते तो. त्याचे गणित ज्या मनुष्याने दिले तो ह्या देशातला आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती. नसीर अहमद ह्यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. अभियांत्रिकीचे शिक्षण तेथेच घेऊन ते अमेरिकेस गेले आणि कॅन्सास राज्यातील विद्यापीठात अध्यापन करू लागले. चित्रातील आकडे एका विशिष्ट रीतीने पुन्हा मांडले तर त्यांपैकी थोडेच महत्त्वाचे ठरतील आणि उरलेले सोडून देता येतील, असे त्यांना वाटत होते. १९७२ साली त्यांनी ह्या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नामंजूर झाले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे प्राध्यापक ह्यांच्यासह त्यांनी ते तडीस नेले, आणि जानेवारी १९७४ मध्ये तो छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे अठरा वर्षांनी, १९९२ साली, जेपीजीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, ते त्याच गणिताच्या पायावर. आज पृथ्वीवर दररोज जी असंख्य छायाचित्रे इकडून तिकडे जातात, त्यांतील पुष्कळशी ह्या नामंजूर झालेल्या कल्पनेच्या खांद्यावर बसून जातात.

ते गणित पूर्ण समजावून सांगणे येथे प्रस्तुत नाही. परंतु त्याचा गाभा सहावीच्या मुलासही कळण्याजोगा आहे. जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठ घरांचे तुकडे पाडते. त्यातील एक ओळ घ्यावी. एखाद्या भिंतीचा भाग असेल तर आकडे असे येतील : ५२, ५४, ५३, ५५, ५६, ५४, ५५, ५३. ह्यांची सरासरी ५४. आता आठ आकडे लिहिण्याऐवजी ‘सरासरी ५४’ एवढे एकदा लिहिले आणि पुढे केवळ फरक लिहिले, तर ते वजा दोन, शून्य, वजा एक, एक, दोन, शून्य, एक, वजा एक असे चिमुकले निघतात. बाजारात हिशेब करताना पैसे सोडून रुपयांत बोलावे, तसे हे चिमुकले फरक सोडून सगळीकडे शून्य धरले तरी भिंत भिंतच दिसते. शून्यांची रांग तर एका शब्दात सांगता येते. नसीर अहमद ह्यांच्या रीतीत सरासरी आणि फरक ह्यांच्या जागी संथ आणि वेगवान अशा लहरी येतात. संथ लहरी राखायच्या आणि वेगवान लहरींचे बारीकसारीक आकडे पुसायचे, हे तत्त्व मात्र तेच. अॅपमध्ये ‘क्वालिटी’ म्हणून जी पट्टी सरकवता येते, ती किती मोठे आकडे क्षुल्लक मानून पुसायचे हेच ठरवीत असते.

ह्याच्या जोडीला आणखी एक काटकसर असते. मनुष्याचा डोळा उजेड-अंधारातील बारीक फरक चटकन टिपतो, रंगातील बारीक फरक त्या मानाने टिपत नाही. म्हणून उजेडाचे आकडे पूर्ण ठेवून रंगाचे आकडे चार चित्रकणांना मिळून एक, असे ठेवले तरी छायाचित्र पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. १९८२ साली भारतात रंगीत दूरदर्शन आले, त्याच्या प्रक्षेपणातही रंगाला उजेडापेक्षा कमी जागा देण्याची हीच युक्ती होती.

निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे आणि नगरजवळच्या टेकडीवरील चांदबिबीचा महाल, म्हणजे वास्तविक सलाबतखानाची कबर, ह्या दोहोंची एकाच मोबाइलने, एकाच आकाराची छायाचित्रे काढली, तर खळग्यांची फाइल पुष्कळ मोठी निघते. कारण तेथे प्रत्येक बोटभर खडकात खाचाखोचा आणि सावल्या आहेत, म्हणजे मोठमोठे फरक आहेत. महालाच्या चित्रात निम्मे निरभ्र आकाश असते, आणि आकाशात सांगण्यासारखे फारसे काही नसते. परंतु क्वालिटीची पट्टी फार खाली ओढली तर बिघाड प्रथम दिसतो तो आकाशातच. जेथे रंग हलकेच बदलत जावयाचा, तेथे पायऱ्या आणि चौकोन दिसू लागतात. खळग्यांच्या खडबडीत मात्र तो बिघाड लपून जातो. सबब, एकच आकडा सर्व चित्रांना लावणे शहाणपणाचे नाही.

आता भिंत आणि खडक सोडून अक्षराकडे यावे. काळ्या शाईच्या रेघेवरून जाणारी ओळ घेतली तर आकडे असे येतील : २४०, २४०, २०, २०, २४०, २४०, २४०, २४०. येथे फरक क्षुल्लक नाहीत. ते प्रचंड आहेत, आणि अक्षर म्हणजेच ते फरक होत. ते पुसायला जावे तर रेघेच्या कडेला राखी रंगाचे शिंतोडे उडतात, बारीक रेघ फिकट होते आणि टिंब नाहीसे होते. देवनागरीत टिंबाची किंमत काय, हे शिक्षकांना सांगावयास नको. अनुस्वार गेला की खंडूचा खडू होतो. ‘व’ आणि ‘ब’ ह्यांत पोटातील एका तिरक्या रेघेचाच फरक. आणि घाईने लिहिलेल्या हस्ताक्षरात १ आणि ९ ह्या आकड्यांत तर केवळ वळणाची दिशा वेगळी. जन्मसाल १९५१ की १९५९, हा प्रश्न त्या एका वळणावर लोंबकळत असतो.

शाळांची जनरल रजिस्टरे हा काही मृत कागदांचा गठ्ठा नव्हे. मुलाचे नाव, आईबापांचे नाव, जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचा दिनांक, ह्या नोंदींवर पुढील तीन पिढ्यांचे दाखले अवलंबून असतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामाच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा महसुली कागदांच्या बरोबरीने शाळांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली, आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. त्या शोधाने निर्माण केलेल्या वादांशी येथे कर्तव्य नाही. परंतु ज्या कपाटाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यातील एका ओळीसाठी माणसे दूरदूरच्या गावांहून शाळेत आली, हे सर्वांनी पाहिले. स्वातंत्र्यपूर्व काळातील कित्येक नोंदी मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, लेखणी सहसा उचलली जात नाही, आणि एका अक्षराचे दुसऱ्यापासूनचे वेगळेपण एखाद्या गाठीत किंवा वळशात असते. मोडी वाचणारी माणसे आधीच थोडी. त्यांच्यापुढे धूसर प्रतिमा ठेवणे म्हणजे जाणत्या वैद्यापुढे रोगी आणून त्याची नाडी झाकून ठेवण्यासारखे आहे.

धूसरपणाहूनही अधिक घातक असा एक प्रकार आहे, आणि त्याची हकीकत प्रत्येक मुख्याध्यापकाने ऐकून ठेवावी. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल ह्या संगणकतज्ज्ञाच्या नजरेस एक चमत्कारिक गोष्ट आली. घराचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर, म्हणजे ज्या कंपनीच्या नावावरून खेडोपाडी प्रत काढण्यालाच ‘झेरॉक्स काढणे’ म्हणतात तिच्याच यंत्रावर, स्कॅन केला होता. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. अक्षरे कोठेही पुसट नव्हती. आकडा स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा होता. शोध घेता अन्य कागदांत ६ चा ८ झालेलाही आढळला. कारण असे निघाले, की फाइल लहान व्हावी म्हणून ते यंत्र पानावरील सारख्या दिसणाऱ्या आकृत्या हुडकी आणि त्यांपैकी एकच साठवून तीच सगळीकडे लावी. दोन वेगळ्या आकृत्या त्याला सारख्या वाटल्या, की एकीच्या जागी दुसरी बसे. कंपनीने पुढे आज्ञावलीत दुरुस्ती पुरवली. पण तोपर्यंत अशा यंत्रांतून किती कागद गेले असतील, ह्याची कल्पना कोणी करावी? पुसट आकडा निदान वाचणाऱ्याला शंका तरी येऊ देतो.

‘दिसण्यात फरक पडू नये’ एवढी एकच कसोटी अपुरी आहे, ती ह्यामुळे. कोणाला, काय पाहण्यासाठी, हे त्यात जोडावे लागते. प्रभातफेरीचे छायाचित्र पाहणाऱ्याला उत्साह दिसला म्हणजे पुरे. कोपऱ्यातील लिंबाची पाने मोजावयाची नसतात. अर्जावरील मुलाचा चेहरा ओळखू आला म्हणजे पुरे. रजिस्टराच्या पानात मात्र प्रत्येक टिंब हेच चित्र आहे.

हे ध्यानी ठेवून प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. प्रसंगाचे, चेहऱ्याचे किंवा परिसराचे छायाचित्र हलके करताना क्वालिटीच्या पट्टीला हात लावण्यापूर्वी लांबी-रुंदी कमी करावी. हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात आणि म्हणूनच त्यांची चित्रे डागाळतात. पालकाच्या मोबाइलचा पडदा बहुधा ७२० किंवा १०८० चित्रकण रुंद असतो. त्यावर चार हजार चित्रकणांचे चित्र पाठवणे म्हणजे मापट्यात पोते ओतणे होय. चार हजार गुणिले तीन हजारचे चित्र बाराशे गुणिले नऊशे केले, तर चित्रकण दहा लाख ऐंशी हजार उरतात, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शाहूनही थोडे कमी. आणि पडद्यावर पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही. त्यानंतर क्वालिटी ७५ ते ८५ च्या दरम्यान ठेवावी. असे चित्र बहुधा दीडशे ते अडीचशे केबीत बसते. ९५ च्या वर गेल्यास फाइल फुगते आणि डोळ्याला लाभ काही होत नाही. ५० च्या खाली गेल्यास चौकोन दिसू लागतात. अर्जासाठी ह्याहूनही लहान फाइल हवी असेल, तर आधी चेहऱ्याभोवतीचा फापटपसारा कापून टाकावा. मागील भिंत, खिडकी, शेजारच्या मुलाचा खांदा हे सारे वजनच असते. साध्या, एकरंगी पार्श्वभूमीपुढे मुलाला उभे केले तर अर्धे काम छायाचित्र काढतानाच होऊन जाते.

साधने घरचीच आहेत. विंडोजमधील पेंटमध्ये ‘रिसाइझ’ असते. बहुतेक मोबाइलांच्या गॅलरीतही आकार बदलण्याची सोय असते. गूगलच्या मंडळींनी २०१८ साली काढलेले ‘स्क्वूश’ हे मोफत पान ह्या कामी विशेष उपयोगी आहे. त्यात मूळ चित्र आणि हलके केलेले चित्र एकाच चौकटीत, मधल्या रेघेच्या दोन बाजूंस दिसते. पट्टी सरकवावी तसा केबीचा आकडाही बदलताना दिसतो. शिवाय ते काम शिक्षकाच्या स्वतःच्या यंत्रावरच होते. मुलाचे छायाचित्र परक्या संगणकावर जात नाही. इतर पुष्कळ मोफत संकेतस्थळांवर ते जाते, हे विसरू नये. छायाचित्राच्या फाइलीत दिनांक, मोबाइलचे नाव आणि स्थाननिश्चिती चालू असल्यास छायाचित्र काढल्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. संकेतस्थळावर ठेवावयाच्या प्रतीतून ते काढून टाकणे मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट आहे, आणि फाइलही थोडी हलकी होते. मात्र जेथे स्थळासहित छायाचित्र मागितले असेल, तेथे ते राखावे लागेल. गूगलनेच २०१० साली आणलेला वेबपी हा प्रकार जेपीजीपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जागा वाचवतो असे ते सांगतात. शाळेच्या स्वतःच्या पानासाठी तो वापरण्यास हरकत नाही, परंतु अर्जाच्या पोर्टलवर जो प्रकार लिहिलेला असेल तोच द्यावा.

जेपीजीचे चित्र दुरुस्त करून पुन्हा जेपीजीत साठवले की गाळण्याची क्रिया पुन्हा होते. तिसऱ्यांदा साठवले की तिसऱ्यांदा. शिळ्या कढीला ऊत आणावा तसा हा प्रकार आहे, दर वेळी चव थोडी उतरते. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत वाटेतच आकसते. केंद्रप्रमुखांच्या गटावर आलेले चित्र उतरवून, ते पुन्हा कापून, पुन्हा हलके करून पोर्टलवर चढवले, तर ते तीनचार गाळण्यांतून गेलेले असते. त्याकरिता मूळ फाइल कधीही बदलू नये. तिची प्रत काढावी, काम प्रतीवर करावे, आणि नवी गरज पडली तर पुन्हा मूळ फाइलीपासून आरंभ करावा.

ही गोष्ट दाखल्यांच्या बाबतीत नित्याची आहे. पाथर्डी, जामखेड भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे दूरच्या कारखान्यांच्या तळांवर जातात. तेथून एखादा पालक फोन करतो, की गुरुजी, पोराचा दाखला मोबाइलवर धाडा, इथल्या शाळेत बसवायचं हाय. शिक्षक तत्परतेने कागदाचे छायाचित्र काढून पाठवतो. तिकडील शाळेत ते उघडून पाहतात तो शिक्क्यातील युडायस क्रमांक वाचता येत नाही, जन्मतारखेचा एक आकडा संशयित होतो, आणि मूल चार दिवस खोपीवर बसून राहते. तेच छायाचित्र व्हॉट्सअॅपमधील ‘डॉक्युमेंट’ ह्या मार्गाने धाडले असते तर ते जसेच्या तसे पोचले असते. एवढ्या एका कळीने ते चार दिवस वाचतात.

जुन्या रजिस्टरांचे काम ह्याहून सावकाशीचे आहे. पान स्कॅन करावयाचे असेल तर इंचाला तीनशे ठिपके हे प्रमाण धरावे. ए-फोर आकाराच्या पानाचे त्या मानाने २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे सत्त्याऐंशी लाख चित्रकण होतात; रजिस्टराचे पान त्याहून मोठे असल्याने आकडा आणखी वाढतो. यंत्रावर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडण्याचा मोह होतो, कारण फाइल अगदी चिमुकली निघते. तो मोह टाळावा. त्या रीतीत प्रत्येक चित्रकण एक तर काळा किंवा पांढरा ठरवला जातो. पिवळ्या पडलेल्या कागदावरील विटकरी झालेली शाई त्या निवाड्यात पांढऱ्याच्या बाजूला जाऊन नाहीशी होते, आणि पाण्याचा डाग काळा होऊन अक्षरांवर बसतो. पान निदान करड्या छटांत, आणि दोन रंगांच्या शाया असतील तर रंगीत, स्कॅन करावे. मागाहून तांबड्या शाईने केलेली दुरुस्ती कोणती आणि मूळ नोंद कोणती, हे रंगावाचून कळत नाही. मूळ प्रत पीएनजीत किंवा ९० च्या वरच्या क्वालिटीच्या जेपीजीत ठेवावी. स्कॅनर नसेल आणि मोबाइलनेच काम भागवावयाचे असेल, तर दुपारच्या उन्हात नव्हे, सकाळी ओसरीच्या सावलीत, पान सपाट ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून छायाचित्र काढावे. जे कॅमेऱ्यात आले नाही ते पुढे कोणत्याही अॅपला आणता येत नाही.

संकेतस्थळावर ठेवण्यासाठी पानाची हलकी प्रत करावयाची झाल्यास संपूर्ण पान लहान करण्यापेक्षा लागणारी ओळ आणि वरची रकान्यांची शीर्षके एवढाच भाग कापून, तो मोठ्या आकारात ठेवणे अधिक चांगले. कापलेल्या भागाबरोबर रजिस्टराचा क्रमांक आणि पृष्ठांक नोंदवावा, म्हणजे शंका आल्यास मूळ पानापर्यंत जाता येते. त्यात इतर मुलांच्या नोंदी उघड्यावर येत नाहीत, हाही लाभ आहे.

हलकी प्रत तयार झाली की तिची परीक्षा घेण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे, ती म्हणजे ताडून वाचणे. एका शिक्षकाने पडद्यावरील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने रजिस्टराच्या पानावर बोट ठेवून ऐकावे. नाव, आडनाव, तारखेचा आकडा आकड्याने. द्विशिक्षकी शाळेत हे काम मधल्या सुट्टीत चारसहा नोंदींप्रमाणे पुढे सरकते. जेथे वाचणारा अडखळेल, तेथे त्या प्रतीची क्वालिटी वाढवून ती मूळ फाइलीपासून पुन्हा करावी. आणि जेथे मूळ पानच वाचता येत नसेल, तेथे अंदाजाने काही न लिहिता ‘अक्षर अस्पष्ट’ असा शेरा मारून पृष्ठांक नोंदवावा. मूळ फाइलींचा संच दोन निरनिराळ्या ठिकाणी असावा. एक शाळेच्या संगणकात आणि दुसरा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, केंद्रशाळेच्या कपाटात. फाइलीच्या नावात गावाचे नाव, रजिस्टराचे साल आणि पृष्ठांक असावा. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे अशा नावाने ठेवलेले पान वर्षभराने खुद्द ठेवणाऱ्यालाही सापडत नाही.